बीटल्सच्या सह्या असलेला फोटो खरा की खोटा, हे कसं ओळखतात?

मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलाव कंपनीने एक जुना अल्बम विक्रीला काढला. अल्बम होता बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड', १९६७ सालचा. रेकॉर्ड म्हणून त्यात दुर्मीळ काहीच नव्हतं, कारण तिच्या लाखो प्रती जगभर पसरलेल्या आहेत. या अल्बमचं कव्हर पुस्तकासारखं उघडतं आणि आत रंगीबेरंगी बँडवाल्यांच्या पोशाखातला चौघांचा मोठा फोटो दिसतो. लिलावातल्या प्रतीत या फोटोवर जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार अशा चौघांच्या सह्या होत्या.

कंपनीचा अंदाज होता ३० हजार डॉलरचा. अल्बम विकला गेला २ लाख ९० हजार ५०० डॉलरला. तेव्हाच्या दराने हे दीड कोटी रुपयांहून जास्त होतात. थोडक्यात, रेकॉर्डची किंमत काही डॉलर आणि बाकी सगळी किंमत चार सह्यांची.

एवढे पैसे मोजणाऱ्याला या सह्या त्या चौघांनीच केल्या आहेत, याची खात्री कशी पटली असेल? बीटल्सच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच अवघड आहे. कारण त्यांच्या नावाने सही करणारी माणसं त्यांच्याच गाडीतून फिरत होती.

चौघांच्या सह्या एवढ्या दुर्मीळ का?

बीटल्स हा इतिहासातला सर्वात प्रसिद्ध बँड. त्यांनी हजारो सह्या केल्या असतील, मग दुर्मीळ कसल्या, असं वाटू शकतं. पण त्यासाठी तारखा पाहाव्या लागतील.

रिंगो बँडमध्ये आला ऑगस्ट १९६२ मध्ये. त्याआधी ड्रमर होता पीट बेस्ट. म्हणजे जॉन-पॉल-जॉर्ज-रिंगो असा चौघांचा संच ऑगस्ट १९६२ च्या आधीचा असूच शकत नाही. त्यांची पहिली सिंगल 'लव्ह मी डू' ५ ऑक्टोबर १९६२ ला आली. त्यानंतरचं वर्षभर ते ब्रिटनमधल्या छोट्या-मोठ्या थिएटरांत जवळपास रोज वाजवत होते. मागच्या दाराशी उभं राहिलं, तर त्यांच्यापर्यंत पोहोचता येत होतं. पार्लोफोन या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने प्रसिद्धीसाठी छोटी फोटोकार्डं छापली होती. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे चौघं सह्या करून देत. आज बाजारात येणारे चांगले खरे संच बहुतेक याच काळातले असतात.

फेब्रुवारी १९६४ मध्ये ते अमेरिकेत 'एड सलिव्हन शो'मध्ये झळकले आणि ही सोय संपत गेली. आता मधे पोलीस होते, कठडे होते आणि किंचाळणारी गर्दी होती. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांनी शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला आणि दौरे कायमचे थांबवले. यानंतर चौघं एका ठिकाणी सापडायचे ते मुख्यतः लंडनच्या स्टुडिओत. १९७० मध्ये बँड फुटला. ८ डिसेंबर १९८० ला लेननची हत्या झाली आणि चौघांचा नवा संच तयार होण्याची शक्यताच संपली.

म्हणून १९६७ च्या अल्बमवर चारही सह्या असणं ही मोठी गोष्ट ठरते. तोवर दौरे बंद होऊन वर्ष होत आलं होतं. त्यातही वहीच्या पानांवर घेतलेल्या सह्या तुलनेने अधिक आहेत, फोटोवरच्या कमी. मागच्या दाराशी उभ्या असलेल्या शाळकरी मुलीच्या हातात सह्यांची वही असायची. चांगला मोठा फोटो सोबत आणणारे थोडे.

मग सह्या करत कोण होतं?

नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स. सुरुवातीच्या दिवसांत नील बँडची व्हॅन चालवायचा. तो मूळचा हिशेबनीस व्हायला निघालेला माणूस, पुढे बीटल्सच्या ॲपल कंपनीचा प्रमुख झाला. मॅल इव्हान्स आधी टेलिफोन इंजिनिअर होता, लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबच्या दाराशी उभं राहायचं काम करायचा आणि १९६३ पासून बँडबरोबर फिरू लागला.

कार्यक्रमाआधी थिएटरमधले कर्मचारी, पोलीस, आयोजकांची मुलं अशा सगळ्यांच्या वह्या आणि फोटो ड्रेसिंग रूममध्ये येत. चौघं थकलेले, वह्यांचा ढीग मोठा. अशा वेळी नील किंवा मॅल बसून चारही नावं लिहून टाकत. वही परत मिळालेल्या माणसाला हे कळायला काही मार्ग नव्हता. कधी चौघांपैकीच एक जण हजर नसलेल्याच्या नावाने सही करून मोकळा व्हायचा. यात कुणाला फसवण्याचा हेतू फारसा नसावा, काम उरकायचं होतं. पण साठ वर्षांनी त्याचा परिणाम असा होतो, की 'आमच्या आजीने स्वतः थिएटरमध्ये जाऊन घेतलेली सही' शंभर टक्के खरी आठवण असूनही सही मात्र नीलची निघते.

संग्राहकांच्या भाषेत याला 'सेक्रेटेरियल' सही म्हणतात, म्हणजे सहायकाने केलेली. बनावट सहीपेक्षा ती ओळखणं वेगळ्या प्रकारे कठीण असतं, कारण कागद जुना, शाई जुनी, कहाणी खरी. खोटा फक्त हात. तज्ज्ञांना नील आणि मॅलची 'बीटल्स सही' कशी दिसते, हे आता वेगळं शिकावं लागतं. एक खूण अशी, की चारही सह्यांत पेन सारखंच दाबलेलं, झोक सारखाच आणि अक्षरांमधली अंतरंही सारखीच दिसतात. चार वेगळी माणसं असं लिहीत नाहीत.

त्यात पॉल डावखुरा. रिंगो जन्मतः डावखुरा, पण लहानपणी आजीने त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं. (आपल्याकडे ही आजी घरोघरी सापडेल.) जॉन आणि जॉर्ज उजव्या हाताने लिहिणारे. डाव्या हाताच्या माणसाची रेघ कुठे सुरू होते, आडवी दांडी कुठल्या बाजूने ओढली जाते, शाई कुठे जमा होते, हे सगळं वेगळं असतं. चारही सह्या उजव्या हाताच्या वाटल्या, की तज्ज्ञ तिथेच थांबतो.

तिसरा प्रकार छापील सह्यांचा. फॅन क्लबकडून पाठवल्या जाणाऱ्या कार्डांवर आणि फोटोंवर सह्या छापलेल्याच असत. ती फसवणूक नव्हती, ती पद्धतच होती. फॅन क्लबची सेक्रेटरी फ्रीडा केली मात्र खऱ्या सह्यांबाबत फार काटेकोर होती. चाहत्यांनी पाठवलेल्या वह्या ती चौघांपर्यंत पोहोचवायची. तिच्यावर २०१३ मध्ये 'गुड ओल' फ्रीडा' हा माहितीपटही आला. पण छापील सही असलेली कार्डं आज घराघरांतून निघतात आणि कुणीतरी ती प्रामाणिकपणे 'खरी सही' म्हणून विकायला काढतं.

भिंगातून काय दिसतं?

छापील सही पकडणं सगळ्यात सोपं. घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि सहीची रेघ पाहा. ती बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली, तर ती छापलेली. फोटो तिरका धरून उजेडात पाहिला, तरीही बरंच कळतं. चकचकीत फोटोवर बॉलपेनने सही केली, तर पृष्ठभागावर बारीक खाच पडते आणि शाई मधेमधे तुटते. खरी शाई फोटोच्या वर बसलेली दिसते. छापील सहीत फोटो आणि सही एकाच पातळीवर, सपाट.

हाताने केलेल्या सहीत वेग असतो. रेघ सुरू होताना बारीक, मधे जाड, संपताना हवेत निसटल्यासारखी. नक्कल करणारा माणूस सावकाश लिहितो, म्हणून त्याची रेघ थरथरते, नको तिथे पेन उचललेलं दिसतं आणि शेवट बोथट होतो. कसलेल्या नकलाकाराला मात्र वेगही जमतो, म्हणून फक्त एवढ्यावर निर्णय कुणी देत नाही.

पेनवरूनही काळ कळतो. शार्पी हा आज सह्यांसाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा मार्कर अमेरिकेत १९६४ मध्ये बाजारात आला. '१९६३ ला लिव्हरपूलमध्ये घेतलेली सही' शार्पीने केलेली असेल, तर पुढे चर्चा नको. फोटोच्या कागदाचंही तसंच. प्लास्टिकचा थर दिलेला फोटो कागद, ज्याला 'आरसी' कागद म्हणतात, साठच्या दशकाच्या अखेरीस यायला लागला आणि सत्तरच्या दशकात रुळला. १९६३ चा म्हणून दाखवलेला फोटो अशा कागदावर असेल, तर ती नंतर काढलेली प्रत आहे. इंकजेट प्रिंटरवर काढलेला फोटो तर भिंगातून लगेच कळतो.

फ्रेम करून मिळणाऱ्या वस्तूंत आणखी एक गोष्ट पाहायला हवी. पुष्कळदा वर बीटल्सचा सुंदर फोटो असतो आणि खाली वहीतून कापलेला सह्यांचा तुकडा. विक्रेत्याने तसं सांगितलं असेल, तर हा रीतसर व्यवहार आहे. पण तो 'सही केलेला फोटो' नव्हे, आणि त्याला सही केलेल्या फोटोची किंमत द्यायचं कारण नाही.

कहाणी तपासायची ती कॅलेंडरवर

माझ्या मते सामान्य वाचकाला सगळ्यात उपयोगी पडेल अशी ही पायरी आहे, कारण तिला ना भिंग लागतं ना तज्ज्ञ. प्रत्येक सहीसोबत एक कहाणी येते: कुणी, कुठे, कधी घेतली. इंग्रजीत याला 'प्रोव्हेनन्स' म्हणतात; आपण वस्तूचा मागचा प्रवास म्हणू. रॉक संगीतकारांच्या हालचाली दिवसागणिक नोंदलेल्या आहेत. त्यामुळे कहाणी नोंदींशी ताडून पाहता येते.

समजा, उद्या कुणी म्हणालं, 'आजोबा मुंबईत ताजमध्ये नोकरीला होते, त्यांनी बीटल्सच्या चौघांच्या सह्या घेतल्या.' ऐकायला पटण्यासारखं आहे, कारण बीटल्सचा मुंबईशी संबंध होताच. पण तो एकट्या जॉर्ज हॅरिसनचा. सप्टेंबर १९६६ मध्ये तो पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलमध्ये 'सॅम वेल्स' या खोट्या नावाने उतरला. लोकांनी त्याला ओळखलंच. पुन्हा जानेवारी १९६८ मध्ये तो आला, तेव्हा एचएमव्हीच्या मुंबईतल्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन त्याने 'वंडरवॉल म्युझिक'साठी ध्वनिमुद्रण केलं. या दोन्ही वेळी बाकीचे तिघं मुंबईत नव्हते. म्हणजे मुंबईची खरी सही असेल, तर ती जॉर्जची एकट्याची असायला हवी. चार सह्या दिसल्या, तर कहाणीत तरी गडबड आहे किंवा सह्यांत.

चौघं भारतात एकत्र होते ते दोनदा. जुलै १९६६ मध्ये फिलिपिन्सहून परतताना ते दिल्लीत थोडा वेळ थांबले होते. दुसऱ्यांदा फेब्रुवारी १९६८ मध्ये, ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात. तिथेही जॉन आणि जॉर्ज आधी पोहोचले, पॉल आणि रिंगो काही दिवसांनी, आणि रिंगो दहाएक दिवसांतच परत गेला. म्हणजे ऋषिकेशमध्ये चौघांच्या सह्या एकत्र मिळू शकल्या असत्या असा काळ जेमतेम दोन आठवड्यांचाही नाही. 'मार्च १९६८ च्या शेवटी आश्रमात चौघांनी सही केली' असं कुणी सांगितलं, तर त्यातला चौथा माणूस केव्हाच इंग्लंडला पोहोचला होता.

हीच कसोटी लेड झेपलिनला लावता येते. १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केलं ते जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट या दोघांनी. त्या भेटीतल्या फोटोवर ड्रमर जॉन बोनहॅमचीही सही असेल, तर विचारायला हवं की ती कुठून आली.

आणि महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सगळ्यात मोहात पाडणारी शक्यता पाचगणीची. 'क्वीन'चा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला होता. तिथे त्याने मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही काढला. मित्र त्याला तिथेच फ्रेडी म्हणू लागले, पण मर्क्युरी हे आडनाव त्याने घेतलं ते इंग्लंडमध्ये, १९७० च्या सुमाराला. म्हणून शाळेच्या काळातल्या ग्रुप फोटोवर 'फ्रेडी मर्क्युरी' अशी सही असेल, तर ती त्या काळी केलेली नाही. 'बुलसारा' असेल, तर मात्र नीट पाहावं. फ्रेडीच्या वस्तूंना किती मागणी आहे, हे सप्टेंबर २०२३ मधल्या सदबीज कंपनीच्या लिलावात दिसलं. त्याच्या लंडनमधल्या घराच्या बागेचा दरवाजा ४ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेला. त्या दरवाजावर खरडलेले संदेश फ्रेडीचे नव्हते, चाहत्यांचे होते.

सर्टिफिकेट असेल तर निर्धास्त?

नाही. सहीसोबत येणाऱ्या 'सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी'ची किंमत ते देणाऱ्याच्या नावावर ठरते. तो कागद कुणीही छापू शकतं. अमेरिकेत एफबीआयने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'ऑपरेशन बुलपेन' नावाने बनावट सह्यांच्या टोळ्यांवर छापे टाकले. भर खेळाडूंच्या सह्यांवर होता, पण सिनेमा-संगीतातली नावंही सुटली नव्हती. जप्त झालेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही सापडले. सर्टिफिकेटं या टोळ्यांकडेही भरपूर होती.

कॅलिफोर्नियाने २०१७ पासून सही असलेल्या वस्तूंच्या विक्रेत्यांवर सर्टिफिकेट देण्याची आणि त्यात ठरावीक तपशील लिहिण्याची सक्ती केली. 'स्टार वॉर्स'चा अभिनेता मार्क हॅमिल या कायद्याच्या बाजूने उभा होता. सुरुवातीला पाच डॉलरवरच्या वस्तूंनाही नियम लागू होता. छोटे पुस्तक विक्रेते वैतागले आणि त्याच वर्षी मर्यादा पन्नास डॉलर करावी लागली.

तिऱ्हाईत तपासणी करणाऱ्या कंपन्या आहेत: पीएसए, जेएसए, बेकेट. फी घेऊन त्या मत देतात आणि बाजार ते मानतो. पण ते मतच असतं. बीटल्ससारख्या गुंतागुंतीच्या नावांसाठी मोठे लिलाव करणारे त्याच बँडचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेल्या माणसाकडे वेगळं विचारतात.

हयात असलेल्यांच्या सह्या तरी सोप्या?

ऑक्टोबर २००८ मध्ये रिंगोने वेबसाइटवर व्हिडिओ टाकून जाहीर केलं, की २० ऑक्टोबरनंतर पोस्टाने आलेल्या कशावरही सही होणार नाही, आलेलं फेकून दिलं जाईल. हे सांगताना तो मधूनमधून शांती आणि प्रेमाच्या शुभेच्छा देत होता, त्यामुळे त्या व्हिडिओची बरीच चेष्टा झाली. पॉलनेही २०२१ मध्ये सह्या देणं थांबवल्याचं सांगितलं. म्हणजे 'नुकतीच पोस्टाने मागवली' असं म्हणून विकल्या जाणाऱ्या या दोघांच्या सह्यांकडे संशयानेच पाहायला हवं.

बॉब डिलनचं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. २०२२ मध्ये त्याच्या पुस्तकाच्या ९०० प्रती 'हाताने सही केलेल्या' म्हणून प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. सोबत सही खरी असल्याचं प्रकाशकाचं पत्र. चाहत्यांनी आपापल्या प्रतींचे फोटो शेजारी ठेवून पाहिले, तर सह्या तंतोतंत जुळत होत्या. हे काम 'ऑटोपेन'चं, म्हणजे खरं पेन धरून साठवलेली सही गिरवणाऱ्या यंत्राचं. प्रकाशकाने पैसे परत केले, डिलनने माफी मागितली आणि चक्कर येण्याच्या त्रासामुळे यंत्र वापरल्याचं सांगितलं. ही चोरी कुठल्या तज्ज्ञाने पकडली नव्हती. खऱ्या माणसाची सही दोनदा तंतोतंत सारखी येत नाही, एवढं साधं तत्त्व चाहत्यांना पुरलं.

घ्यायचीच असेल तर

'अमक्याला, प्रेमपूर्वक' असं कुणाचं तरी नाव लिहून केलेली सही नुसत्या सहीपेक्षा स्वस्त मिळते, कारण दुसऱ्याचं नाव भिंतीवर टांगायला संग्राहक नाखूश असतात. मला ती नवख्यासाठी जास्त चांगली वाटते. जितकी अक्षरं जास्त, तितकं नकलाकाराचं काम अवघड, आणि तपासणाऱ्याच्या हातात तुलनेला जास्त मजकूर. चौघांच्या संचाच्या मागे लागण्याऐवजी एकाच संगीतकाराची, नीट मागोवा असलेली सही घेणंही शहाणपणाचं.

विक्रेत्याकडून सही खोटी निघाल्यास पैसे परत देण्याची हमी लेखी घ्यावी आणि ती मुदतीशिवाय असावी. परदेशातून मागवताना लिलाव कंपनीचं कमिशन, कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून हिशेब करावा. बोलीचा आकडा म्हणजे पूर्ण किंमत नव्हे.

आणि घरातल्या जुन्या अल्बममध्ये असा एखादा फोटो सापडला, तर त्याला लॅमिनेशन करू नका. पुसट सही पेनने गिरवू नका. थेट उन्हात लावू नका, विशेषतः जुन्या पेनची शाई उजेडाने उडते. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा, फोटोच्या मागे काहीही लिहू नका. ज्या काका-मावशीने ती सही घेतली ते हयात असतील, तर आजच त्यांच्याकडून तारीख, ठिकाण, सोबत कोण होतं, हे वेगळ्या कागदावर लिहून घ्या, खाली त्यांची सही घ्या. तेव्हाचं तिकीट किंवा कार्यक्रमाची पुस्तिका सापडली, तर तीही त्याच पाकिटात ठेवा.